निम्म्यात आणणारे गृहस्थ

निम्मेकाकांना दुकानदाराशी घासाघीस करता येत नाही, ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः निम्मेकाका.

बाकी सगळी इमारत, म्हणजे चार मजले आणि सोळा बिऱ्हाडं, त्यांच्याकडे बाजारभावातला वाघ म्हणून बघत होती. पंखा असो, पलंग असो, भिंतीवरचं घड्याळ असो, काका दुकानात गेले की वस्तू निम्म्या किमतीत घेऊन येतात असा त्यांचा लौकिक होता. त्या लौकिकातूनच हे नाव पडलेलं. त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि रेशनकार्डाला माहीत होतं, एवढंच.

खरी हकीकत अशी, की काका दुकानात शिरले, दुकानदाराने "या साहेब, बसा" म्हणून स्टूल सरकवलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला, की काकांच्या जिभेला कुलूप लागायचं. ज्याचं पाणी प्यायलो त्यालाच "जरा कमी करा की हो" म्हणायचं? छे! काका सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजत, वर "फार त्रास दिला" म्हणून दुकानदाराची माफी मागत, आणि घरी येऊन काकूंना निम्मा आकडा सांगत. उरलेला निम्मा त्यांच्या ओव्हरटाइममधून जाई. जमीन मोजणीच्या कार्यालयात जावक कारकुनाला ओव्हरटाइम कशाला लागतो, असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काका म्हणाले असते, घरात पंखा लागतो म्हणून.

इथवर प्रकरण घरातल्या घरात होतं. पण काकू शिवणाचा क्लास घेत, आणि शिवणाच्या क्लासात सांगितलेली गोष्ट आणि वर्तमानपत्रात छापलेली गोष्ट यांत फरक असलाच तर एवढाच, की वर्तमानपत्र सगळे वाचत नाहीत. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर एक दिवस पैसे घेऊन आले. "काका, तुम्ही आणलीत तसली इस्त्री आम्हालाही आणा. तुम्हाला मिळते त्याच भावात, बरं का!" आता काय करता? काकांनी डॉक्टरांचे निम्मे घेतले, आपले निम्मे घातले, आणि इस्त्री आणून दिली. मागोमाग दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा थर्मास. मग कुणाचा दिवा, कुणाची गादी. काकांच्या दातृत्वावर इमारत चालली होती, आणि इमारत काकांना चिकट समजत होती.

असं सगळं सुखात चाललेलं असताना काकूंनी 'केवढ्याला?'ला पत्र धाडलं.

'केवढ्याला?' हा टीव्हीवरचा कार्यक्रम बावीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी लागतो. त्यात बरेच खेळ असतात, पण लोकांचा जीव 'ओळखा पावती'वर. खेळ इतका सोपा, की तो ज्याला सुचला त्या माणसाला पगार कशाचा देतात असा प्रश्न पडावा. मंचावर दोन वस्तू ठेवतात. मोठ्या पडद्यावर एका दुकानाची खरीखुरी पावती दाखवतात. तीवर किंमत दिसते. वस्तूचं आणि गिऱ्हाइकाचं नाव मात्र पट्टीखाली झाकलेलं. पावती या दोहोंपैकी कोणत्या वस्तूची, एवढंच सांगायचं. बरोबर आलं तर दोन्ही वस्तू तुमच्या, शिवाय कपडे धुण्याचं यंत्र. मग पट्ट्या काढतात, आणि ती वस्तू ज्याने खरोखर विकत घेतली त्या गिऱ्हाइकालाही काहीतरी भेट देतात. कार्यक्रमवाले या पावत्या स्पर्धकाच्याच गावातल्या दुकानांतून गोळा करतात, म्हणजे स्पर्धकाला आपल्या बाजाराची माहिती किती हे कळतं.

काकूंनी लिहिलं होतं, "माझे पती कोणतीही वस्तू निम्म्यात आणतात. त्यांना एकदा बोलवाच." कार्यक्रमवाल्यांनी बोलावलं. पत्र आलं तेव्हा काका दाढी करत होते. गालावरची जखम पुढे चार दिवस राहिली.

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात," काकू म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःचं कौतुक झालेलं कधी आवडलंय?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की काकांनी उरलेली दाढी तशीच सोडून दिली.

संध्याकाळपर्यंत इमारत काकांच्या दारात. सल्ल्यांना तर ऊत आला. दातांचे डॉक्टर म्हणाले, कॅमेऱ्यासमोर तोंड उघडताना खालचा ओठ जरा वर धरा, तुमची खालची रांग प्रेक्षणीय नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं पडलं, की चौकटीचा शर्ट टीव्हीवर नाचतो, साधा घाला. मास्तरांनी मात्र जबाबदारीच उचलली. दोन दिवसांत त्यांनी एकशेचाळीस पुठ्ठ्यांवर चित्रं चिकटवली आणि रोज सकाळी काकांची तोंडी परीक्षा सुरू केली.

"टेबलफॅन!" मास्तर पुठ्ठा वर धरत.

काकांना टेबलफॅनची किंमत पैशापर्यंत पाठ होती. का नसावी? मोजलेली होती. पण ती सांगायची सोय नव्हती. त्यांना आधी मनातल्या मनात भागिले दोन करावं लागे.

"बाराशे चाळीस."

"हा तुमचा भाव झाला," मास्तर म्हणत. "सामान्य माणूस केवढ्याला आणेल?"

मग काका त्याला दोनने गुणत. म्हणजे खरी किंमत आठवायची, ती निम्मी करायची आणि पुन्हा दुप्पट करायची! एवढा हिशेब करून बिचारे जिथून निघाले तिथेच पोचत, आणि मास्तर पाठ थोपटून म्हणत, "शाबास! एका पाच वर्षांच्या मुलीने हा खेळ जिंकलाय, तुम्ही तर चांगले पन्नाशीचे आहात."

काकांना आशा होती ती एकाच गोष्टीची. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याला टीव्हीवर जायचं तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आणि आपलं कार्यालय काय आहे ते काकांना नीट माहीत होतं. शिपायाच्या सायकलभत्त्याची फाइल निघाली तेव्हा काकांचे केस काळे होते; ती अजून चौथ्या टेबलावर होती. काकांनी अर्ज केला तोसुद्धा आडवाटेने: चुकीच्या नमुन्यात, तारीख न घालता, आणि सोबत जोडायच्या तीन कागदांपैकी एकही न जोडता. असा अर्ज त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधीही पहिल्या टेबलापुढे गेलेला नव्हता.

हा गेला. कारण मोठ्या साहेबांच्या पत्नी 'केवढ्याला?' बघत. साहेब स्वतः फाइल हातात घेऊन टेबलाटेबलांवरून फिरले. नमुना बदलला, तारीख घातली, तीन कागद कुठून तरी उगवले. सात सह्या एका दुपारी! चौथ्या टेबलावरच्या कारकुनाला तर सही करताना हाताला मुंग्या आल्या, सवय नव्हती. साडेचार वाजता कागद जावक विभागात आला. म्हणजे काकांकडेच.

कागद हरवायचा कसा हे काकांइतकं कुणालाच कळत नव्हतं. ती त्यांच्या खात्याची विद्या. पण साहेब टेबलाला टेकून उभे. "घाला नंबर," साहेब म्हणाले. "आणि हे बघा, कॅमेरा तुमच्यावर आला की एकदा 'वहिनींना नमस्कार' म्हणा. तिला कळेल." काकांनी स्वतःच्या फाशीच्या हुकमाला स्वतःच्या हाताने जावक क्रमांक दिला आणि शिक्का मारला. शिक्काही मेला नेमका स्पष्ट उमटला.

चित्रीकरण रविवारी सकाळी होतं. इमारतीने मिनीबस केली. बावीस माणसं, आणि कुणीतरी आणलेला एक भोंगा. काका खिडकीशी बसून रस्ता बघत होते. वाटेत बसचं टायर फुटलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तेज आलं. पण टायर दहा मिनिटांत बदललं गेलं. माणसाचं दैव फिरलं की अशा गोष्टीही वेळेवर होतात.

स्टुडिओत काकांच्या तोंडाला पावडर लावली गेली, छातीवर माइक अडकवला गेला आणि त्यांना मंचावर ढकलण्यात आलं. ढकलण्यात आलं हा शब्द जपून वापरलेला आहे. मागे एक माणूस खास त्यासाठीच होता. दिवे लागले. सूत्रसंचालक दात दाखवत आला. पुढच्याच रांगेत काकू, त्यांच्या शेजारी डॉक्टर आणि मास्तर, मागे सगळी इमारत आणि तो भोंगा.

"आज आपल्याकडे आलेत, कोणतीही वस्तू निम्म्यात आणणारे... निम्मेकाका!"

भोंगा वाजला. काका म्हणाले, "वहिनींना नमस्कार." सूत्रसंचालकाला त्याचा अर्थ कळला नाही, पण त्याने टाळ्या वाजवल्या.

पडदा सरकला. डावीकडे मिक्सर. उजवीकडे प्रवासाच्या तीन बॅगांचा संच, एकात एक बसणारा. आणि मधल्या पडद्यावर, बैलगाडीएवढी मोठी, पावती: सात हजार चारशे नव्वद.

काकांनी पावतीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या गळक्या पेनचा निळा डाग होता. खाली तारीख एका शनिवारची, आणि काका खरेदीला शनिवारीच जात. सहीवर पट्टी होती, पण सहीखालची दुहेरी रेघ पट्टीबाहेर आली होती, आणि काकांच्या कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर सव्वीस वर्षं तीच रेघ पडत होती.

पावती त्यांचीच होती. मिक्सर त्यांचा होता. काकूंना सांगितलेली किंमत होती तीन हजार सातशे.

"बॅगा!" इमारत ओरडली. "काका, बॅगा!" काकू तर उभ्या राहून दोन्ही हातांनी बॅगांकडे दाखवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. मिक्सर केवढ्याला येतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याला एवढे मोजणारं गिऱ्हाईक गावात असेल असं त्यांना काय, इमारतीलाही वाटत नव्हतं.

आधी काकांना वाटलं, बॅगा म्हणावं, हरावं आणि सुटावं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. जिंका नाहीतर हरा, शेवटी पट्ट्या निघणारच! बॅगा म्हटलं तरी खाली मिक्सर निघणार आणि त्याखाली त्यांचं नाव. इकडे आड आणि तिकडेही तोच आड, फक्त दुसऱ्या बाजूने.

काकांनी वेळ काढायला सुरुवात केली. ते त्यांचं क्षेत्र होतं.

"ही किंमत करासकट का?"

"करासकट, काका."

"वाहतूक खर्च? बॅगांना चाकं आहेत, म्हणजे त्यांना वाहतूक लागू नये."

"लागत नाही, काका."

"मूळ पावती आहे की नक्कल? नक्कल असेल तर ती साक्षांकित केलेली दिसत नाही. अशा कागदावर मत देणं नियमात बसतं का?"

प्रेक्षक हसून लोटपोट झाले. सूत्रसंचालकाला वाटलं काय झकास माणूस मिळाला! काकांनी मग पोट धरलं. ताबडतोब एक डॉक्टर धावत मंचावर आले. बावीस वर्षांच्या कार्यक्रमात अशा गोष्टींची तयारी असते. त्यांनी नाडी बघून जाहीर केलं, की गृहस्थ ठणठणीत आहेत. टाळ्या.

"काका, शेवटचे दहा सेकंद!"

त्या दहा सेकंदांत काकांनी आयुष्याचा विचार केला. माणसांशी ते खोटं बोलले होते, आणि भरपूर बोलले होते. पण कागदाशी कधी नाही. स्वतः सही केलेला कागद समोर असताना तो माझा नव्हे असं म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना.

"मिक्सर," काका म्हणाले.

इमारतीने कपाळावर हात मारला. काकू मटकन खाली बसल्या. पहिली पट्टी निघाली: मिक्सर! वरून रंगीत कागदांचा पाऊस, पिपाण्या, धूर. कपड्यांचं यंत्र चाकांवरून आपसूक पुढे आलं. सूत्रसंचालकाने काकांना मिठी मारली. "सगळ्यांच्या विरोधात जाऊन बरोबर उत्तर! आता बघू या, हा मिक्सर घेणारं आपलं भाग्यवान गिऱ्हाईक कोण!"

दुसरी पट्टी निघाली. पावतीवर काकांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. इतकं पूर्ण, की इमारतीला ते कुणाचं हे उमगायलाच वेळ लागला. सूत्रसंचालकाने हातातल्या कार्डावरचं स्पर्धकाचं नाव पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. त्याचे दात प्रथमच मिटले.

"काका, ही पावती... तुमची?"

भोंगेवाल्याचा भोंगा तोंडाशीच राहिला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून काकू उठल्या.

"यांची नाही!" त्या ठणकावून म्हणाल्या. "एका नावाची दहा माणसं असतात. आमचा मिक्सर तीन हजार सातशेला आलाय. मी शपथ घेऊन सांगते! कशावर हात ठेवू, बोला!"

सूत्रसंचालकाचा जीव भांड्यात पडला. नामसाधर्म्य! तो पुन्हा दात काढू लागला. काकांनी नुसती मान हलवली असती तर मिक्सर, बॅगा, यंत्र आणि वीस वर्षांची अब्रू, सगळं घरी आलं असतं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या खरोखरच हात ठेवायला काहीतरी शोधत होत्या.

"शपथ नको घेऊस गं," काका म्हणाले. माइकमधून आवाज सगळीकडे घुमला. "पावती माझीच आहे. सात हजार चारशे नव्वदच दिले. सगळ्याचेच पूर्ण दिलेत."

पुढचा अर्धा तास नियमांचा होता. काळा कोट घातलेल्या एका बाईंनी जाडजूड पुस्तक आणलं. स्पर्धकाला उत्तर आधीपासून ठाऊक असल्यामुळे तो स्पर्धेतून बाद. यंत्र आलं तसं चाकांवरून मागे गेलं. इथवर काकांना मान्य होतं. पण नियम असाही होता, की पावतीवर ज्याचं नाव त्या गिऱ्हाइकाचा सत्कार झालाच पाहिजे. बावीस वर्षांत एकही चुकलेला नाही. तेव्हा स्पर्धक म्हणून बाद झालेल्या काकांना एका दाराने बाहेर काढून दुसऱ्या दाराने गिऱ्हाईक म्हणून आत आणण्यात आलं. त्यांच्या डोक्यावर सोनेरी प्लॅस्टिकचा मुकुट चढला आणि खांद्यावरून 'आदर्श ग्राहक' असा लाल पट्टा. पट्टा पाठीमागे पिनेने पक्का केला गेला.

परतीच्या बसमध्ये कुणी बोलेना. पाठीवरच्या पिनेपर्यंत काकांचा हात पोचत नव्हता, आणि बोलणंच बंद असल्यामुळे 'जरा पीन काढता का' असं विचारायची सोय नव्हती. मुकुट त्यांनी मांडीवर ठेवला होता. काकू दोन बाकं पुढे, खिडकीकडे तोंड करून.

शेवटी मास्तर घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे माझा थर्मास?"

"निम्मा तुमचा, निम्मा माझा," काका पुटपुटले.

"अकरा वर्षं!" मास्तर ओरडले. "अकरा वर्षं मी तुमच्या निम्म्या थर्मासमधून चहा पितोय, आणि वर तुम्हाला पाच वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगतोय!"

हळूहळू बसमधल्या प्रत्येकाला आपापली इस्त्री, दिवा, गादी आठवू लागली. आता हे लोक भडकले कशावर? तर काकांनी फसवलं म्हणून नव्हे, उपकार केले म्हणून. फसवणूक माणूस विसरतो. पण शेजाऱ्याने आपल्या गादीत निम्मे पैसे घातलेत आणि आपण त्या गादीवर निवांत घोरतोय, हे कसं सहन व्हावं? चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मला तर आता त्या दिव्याखाली वाचवणार नाही. दातांच्या डॉक्टरांनी बराच विचार केला आणि उठून काकांच्या शेजारी येऊन बसले.

"काका, इस्त्री परत देत नाही. सवय झालीय तिची. पण तुमची खालची रांग सगळी निम्म्यात करून देतो. नाही म्हणू नका."

काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

घरी पोचल्यावर काकूंनी आधी पाठीवरची पीन काढली. मग त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः घराच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"पंखा?"

काकांनी खरी किंमत सांगितली.

"पलंग?"

तीही सांगितली. घड्याळ, कपाट, दिवाणखान्यातला गालिचा. काकू बोट दाखवत होत्या आणि काका आकडे सांगत होते, मास्तरांच्या परीक्षेसारखे, फक्त भागाकार न करता. बोलता बोलता त्यांना हलकंच वाटू लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना घरातलं सामान आपलं वाटलं.

"पण का?" काकू म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं?"

"पहिला पंखा आणला तेव्हा तू विचारलंस केवढ्याला, आणि माझी छाती धडधडायला लागली. म्हणून निम्मा आकडा सांगितला. तर तू इतकी खूश झालीस, टाळीच वाजवलीस. मग पुढच्या वेळी..." काकांनी हात हवेत हलवला. "ती टाळी निम्म्यात पडायची मला."

काका रडण्याची तयारी ठेवून बसले होते, कुणाचंही रडणं आधी आलं तरी. पण काकूंच्या कपाळावर जी आठी होती ती दुःखाची नव्हती. शिवणात माप चुकलं की पडायची ती आठी.

"एक गोष्ट जुळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता मिक्सर सात हजार चारशे नव्वदला. मग मागच्या महिन्यात मी ताईला तोच मिक्सर तीन हजार सातशेला कसा घेऊन दिला?"

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

काकूंनी शिवणाच्या मशीनच्या खणातून पावती काढून समोर ठेवली. तोच मिक्सर. तेच दुकान. तीन हजार सातशे. तिच्याखाली आणखी पावत्या होत्या: ताईचा पंखा, क्लासातल्या मुलींच्या कात्र्या, भाचीचं लेखनाचं टेबल. सगळ्या निम्म्यात! खोट्या नव्हेत, दुकानदाराच्या सहीच्या.

काकांनी त्या पावत्या कार्यालयात तपासतात तशा उजेडाला धरून तपासल्या. कुठेही खाडाखोड नव्हती.

सोमवारी काकांची रजा होतीच. दोघं सकाळीच त्या दुकानी गेली. एकत्र अशी पहिल्यांदाच. दुकानदाराला काचेच्या दारातून आधी काकू दिसल्या आणि त्याचा चेहरा पडला. त्याने झटकन एक पंखा गल्ल्यामागे लपवला. मग त्यांच्यामागून काका दिसले आणि त्याचा चेहरा फुलला. हात आपोआप स्टुलाकडे गेला. मग दोघं एकाच दारातून आत आली आणि त्याला कोणता चेहरा ठेवावा ते कळेना.

"साहेब, तुम्ही... या बाईंना ओळखता?"

"मी नवरा आहे यांचा."

दुकानदार काकांसाठी सरकवलेल्या स्टुलावर स्वतःच बसला आणि काकांसाठी आणलेलं पाणी स्वतःच प्यायला.

"बाई मंगळवारी यायच्या," तो सांगू लागला. "म्हणायच्या, 'आमच्या ह्यांनी हीच वस्तू निम्म्यात आणलीय, मला शिकवू नका!' आणि इतक्या खात्रीने म्हणायच्या, साहेब, की मलाच वाटायचं, असेल बुवा कुणीतरी देत. माझ्याच दुकानात मला चोरट्यासारखं वाटायचं. दोन तास तो एकच आकडा. शेवटी देऊन टाकायचो. मग शनिवारी तुम्ही यायचात. सांगेन ते मोजायचात, वर माफी मागायचात. मी बायकोला म्हणायचो, जगात देव आहे! तुमच्या शनिवारावर यांचा मंगळवार निघायचा हो!"

"आणि टीव्हीवाल्यांना यांचीच पावती का दिलीत?" काकूंनी विचारलं.

"मग काय तुमची देऊ? देशभर दाखवू, की मी निम्म्यात विकतो? सहा महिन्यांत पूर्ण किमतीची पावती एकाच गिऱ्हाइकाची होती, बाई."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. आणि मग काकू हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग गल्ल्याला धरून. "म्हणजे हे खोटं बोलायचे," त्यांना धड बोलता येईना, "आणि मी ते खरं करून आणायचे!" काकांनाही हसू फुटलं. दुकानदारही हसला, पण त्याच्या हसण्यात अजून थोडं मंगळवारचं भय होतं.

आलोच आहोत तर कपडे वाळत घालायचा स्टँड घेऊ या, असं काकूंनी ठरवलं. दुकानदार चौदाशे म्हणाला. काकूंनी सातशे म्हटलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस डोळ्यांनी पाहिली, पंखा न लावलेल्या कोपऱ्यात उभं राहून, आणि त्यांना घाम फुटला. काकूंनी ना आवाज चढवला ना हात जोडले. त्या नुसत्या सातशे म्हणत राहिल्या, कुणी आपलं नाव सांगावं तशा. चाळिसाव्या मिनिटाला दुकानदाराची मान खाली गेली. सातशे.

काकूंनी स्टँडची एक बाजू उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या. काका मागे राहिले. गल्ल्यामागचा तो पडलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी हळूच शर्टाच्या खिशातून एक नोट काढली आणि वहीखाली सरकवली. दुकानदाराने ओठांवर बोट ठेवलं. काकांनी डोळ्यांनीच 'असू द्या' म्हटलं.

"उचला ती नोट," काकू न वळताच म्हणाल्या. "आणि स्टँडची दुसरी बाजू धरा."